तांडेल सर उधव्याला गेले नाहीत ते वर्ष

आमच्या कॉलेजच्या मैदानावर प्रशिक्षकासाठी एक प्लास्टिकची खुर्ची ठेवलेली असायची आणि तांडेल सर तिच्यावर कधी बसत नसत. त्या खुर्चीवर मुलींच्या पाण्याच्या बाटल्या, ओढण्या, केसांच्या पिना असला पसारा असे. सर खुंटाच्या मागे, रेषेपासून चार हात लांब, हात पाठीमागे बांधून उभे राहत. सामना अगदी शेवटाला आला की ते मैदानाकडे पाठ फिरवत आणि सुरूच्या झाडांकडे बघत राहत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, यांना ताण सोसत नसेल. मी विचारलंच. तर म्हणाले, "मॅडम, आता माझं काय काम आहे तिथे? द्यायचं ते देऊन झालं."

मी डहाणूच्या त्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायला लागले होते. मुलींचा संघ परगावी न्यायचा तर सोबत एक बाई असावी लागते, आणि सगळ्यांत नवी जी बाई असेल तिच्या गळ्यात ते काम पडतं. तसं माझ्या पडलं. खो-खोतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. लहानपणी बोर्डीच्या शाळेत खेळले होते तेवढंच, तेही पाटीवर बसण्यापुरतं. पण त्यामुळे मला तांडेल सर जवळून बघायला मिळाले, एरवी स्टाफरूममध्ये ते फारसे येतच नसत.

दिसायला ते खेळाडू वाटत नसत. बुटके, पोट थोडं सुटलेलं, पायात रोज धुतलेले पांढरे कॅनव्हासचे बूट. चिखल्याच्या मासेमारीवाल्या घरातले. आई सुकी मासळी घेऊन डहाणूच्या बाजारात बसायची, हे ते कोणालाही आपणहून सांगत. सगळ्या मुलींना ते 'बाय' म्हणत. कोणती बाय, ते त्या मुलींना आवाजावरून कळायचं. गळ्यात शिट्टी होती, पण ती वाजवलेली मी ऐकली नाही. टाळी वाजवायचे. सकाळच्या सरावाला येताना घरून उकडलेली अंडी, भाकरी आणि बोंबलाची चटणी आणायचे, आणि शेवटची मुलगी खाऊन हात धुवेपर्यंत सराव सुरू होत नसे. "रिकाम्या पोटी पोर पळत नाही, पळून जाते," असं त्यांचं म्हणणं.

आणि त्यांचा संघ जिंकायचा. वर्षानुवर्षं जिंकायचा. मुंबईची मोठमोठी कॉलेजं, ज्यांच्याकडे व्यायामशाळा होत्या आणि मालिश करणारे लोक होते, ती आमच्या मुलींपुढे हरायची. कॉलेजच्या फाटकावर दरवर्षी नवा फलक लागे आणि त्यावर मुलींच्या रांगेच्या वर, वेगळ्या गोलात, सरांचा फोटो असे. सत्कार व्हायचे. सत्काराला उत्तर देताना सर दर वेळी एकच वाक्य बोलायचे: "पळणं त्यांचं, थांबणं माझं." मग समजावून सांगायचे, की पायात वेग असला की कोणीही पळतं, पण मागून हात येतोय हे कळल्यावर नेमकं थांबायचं, मारणारीला पुढे वाहून जाऊ द्यायचं आणि तिच्या पाठीमागून निघायचं, हे शिकवावं लागतं. लोक टाळ्या वाजवायचे. मलाही ते वाक्य आवडायचं.

पळणं त्यांचं, ही गोष्ट खरीच होती. त्या मुली सर आणायचे तलासरीकडून. मे महिना लागला की सर मोटरसायकल काढत आणि पाड्यापाड्यांवर फिरत. लग्नाचे दिवस असायचे. सर कोणाच्याही लग्नात जाऊन बसत, कोणी हाकलत नसे. वाजप सुरू झाली, बाया-पोरी कमरेला हात घालून नाचायला लागल्या, की सर त्यांच्या पायांकडे बघत. तास दोन तास नाचूनही जिचा पाय पहिल्यासारखा हलका पडतो, ती कोणाची पोर, हे ते विचारून घेत. मग दुसऱ्या दिवशी तिच्या घरी.

एकदा मी त्यांच्याबरोबर गेले होते. उधव्याजवळच्या एका पाड्यावर कुसुम वरठा नावाची मुलगी त्यांनी हेरली होती, आणि तिच्या आईशी बोलायला एक बाई सोबत असलेली बरी, असं त्यांना वाटलं. कुसुमची आई लक्षीबाई. नवरा नव्हता. कुडाच्या घरासमोर, सारवलेल्या अंगणात तिने आम्हाला बाज टाकून दिली आणि स्वतः जमिनीवर बसली, म्हणून सरही बाजेवरून उतरून जमिनीवर बसले. त्यांनी सगळं सांगितलं. वसतिगृह आहे, जेवण आहे, खेळली तर पुढे पोलिसात लागेल. लक्षीबाई ऐकत होती. तिच्या बोलीत लहान-मोठ्या सगळ्यांना 'तू'च. शेवटी ती एवढंच म्हणाली, "मास्तर, पोर तुझ्या हवाली करते. उपाशी नको ठेवू."

हे बोलणं चाललेलं असताना अंगणात कुसुमची धाकटी बहीण, आठ-नऊ वर्षांची सविता, एक कोंबडी धरायला धावत होती. मी पाहिलं, तर सरांचं लक्ष तिकडेच. परतीच्या वाटेवर म्हणाले, "धाकटी बघितलीत? सगळी पोरं कोंबडीच्या मागे धावतात. ही धावली नाही. ही उभी राहिली आणि कोंबडीला वळायला लावलं. ही मोठीच्या दुप्पट निघेल." त्यानंतर दर मे महिन्यात उधव्याकडे गेले की सर लक्षीबाईच्या घरी थांबत, तांदळाची भाकरी खात आणि निघताना सविताच्या डोक्यावर टपली मारून आईला सांगत, ही पण माझी हं. लक्षीबाई मान हलवायची. तो ठरावच झाला होता म्हणा ना.

कुसुम खेळली, गाजली आणि खरोखर पोलिसात लागली. तिच्या मागून आणखी मुली आल्या, त्याही जिंकल्या.

मग तो सत्कार झाला, ज्यानंतर सगळं बिघडलं.

त्या वर्षी पाहुणे म्हणून शहरातल्या एका कॉलेजचे निवृत्त क्रीडाशिक्षक आले होते. त्यांचे संघ आमच्याकडून अनेकदा हरलेले. व्यासपीठावर ते छान बोलले. पण नंतर स्टाफरूममध्ये चहा चालला होता, तेव्हा त्यांनी सरांच्या पाठीवर थाप मारली. म्हणाले, "तांडेल, तुमचं बरं आहे हो. डोंगरातून हरणं धरून आणायची आणि सांगायचं, मी पळायला शिकवलं." सगळे हसले. प्राचार्य हसले, मी हसले, सर स्वतःही हसले. पाहुण्यांना तेवढ्यावर थांबवेना. "एकदा तुमच्या चिखल्याच्या पोरी घेऊन जिंकून दाखवा. मग तुम्हाला गुरू म्हणेन."

सर हसतच होते, पण त्यांचा चहा कपात तसाच राहिला.

संध्याकाळी बोर्डीच्या बसची वाट बघत मी स्टँडवर उभी होते. सर मोटरसायकल ढकलत आले आणि शेजारी उभे राहिले. विचारलं, मॅडम, तुम्हाला काय वाटतं. मी म्हटलं, दोन्ही लागतं सर, बी पण आणि माळी पण. मास्तरकी करणारी माणसं देतात तसलं गुळमुळीत उत्तर. सरांनी ते ऐकलं नसावंच. ते स्वतःबद्दल बोलायला लागले. कॉलेजात असताना ते स्वतः खो-खो खेळायचे. सगळ्यांच्या आधी मैदानावर जायचे, सगळ्यांच्या नंतर निघायचे, आणि सगळी वर्षं राखीव खेळाडू म्हणून कडेला बसून काढली. पायात काही नव्हतंच. कोणाच्या डोळ्यांत कधी भरले नाहीत.

"म्हणून मी शिकवायला लागलो," ते म्हणाले. "आता मला शिकवताही येत नसेल, तर मी आयुष्यभर केलं काय?"

त्या मे महिन्यात त्यांची मोटरसायकल उधव्याकडे गेली नाही. आशागडच्या पुढेच गेली नाही. मी जूनमध्ये विचारलं तर म्हणाले, यंदा इथल्याच पोरी. मला ते चांगलंच वाटलं. किनाऱ्यावरच्या मुलींनाही कोणीतरी खेळवायला हवंच होतं. त्याच वर्षी सविता बारावी झाली होती, हे माझ्या लक्षात नव्हतं. सरांच्या लक्षात होतं.

चिखल्याच्या आणि आसपासच्या ज्या मुली आल्या, त्या सगळ्या त्यांनी घेतल्या. निवड अशी नव्हतीच. मासळी विकणाऱ्यांच्या मुली, चिकूच्या वाडीत काम करणाऱ्यांच्या मुली. हातात बळ भरपूर, पण पळताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे. त्यांच्यात हेमांगी माच्छी म्हणून एक उंच मुलगी होती. तिला पडायची भीती वाटायची. खो-खोत पडायची भीती असेल तर संपलंच. सूर मारल्याशिवाय पळणारी सापडत नाही.

त्या वर्षीचे तांडेल सर मी ओळखलेच नसते. ओहोटी बघून ते मुलींना चिखल्याच्या किनाऱ्यावर न्यायचे आणि ओल्या वाळूत पळवायचे. एरवी चार शब्द बोलणारा माणूस सारखा बोलायला लागला. पाय असा, खांदा असा, नजर खाली नको, समोरच्या खुंटावर. स्वतः वाळूत आडवे पडून दाखवायचे. त्या वयात, त्या पोटासकट. हेमांगीला त्यांनी आधी भिजलेल्या वाळूत गुडघ्यावर बसवून नुसतं पुढे पडायला शिकवलं, मग उभं राहून, मग गवतावर, मग मैदानाच्या मातीवर. पावसाळाभर हे चाललं. ती एक दिवस रडून घरी गेली तर सर तिच्या मागोमाग घरी गेले, तिच्या आईबरोबर ओट्यावर बसून बोंबील निवडले आणि दुसऱ्या दिवशी ती परत आली. गणपतीनंतर एका सकाळी हेमांगीने धावत येऊन पूर्ण लांबीचा सूर मारला आणि उठून आपल्या कोपराकडे आश्चर्याने बघत राहिली. सरांनी टाळी वाजवली आणि मग वाजवतच राहिले.

विभागीय सामने ऑक्टोबरात होते. आमचा संघ पहिल्याच फेरीत हरला. असातसा नाही, चांगला एक डाव राखून हरवलं त्यांनी. समोरच्या मुली वाऱ्यासारख्या होत्या आणि आमच्या मुली त्यांच्या मागून प्रामाणिकपणे धावत होत्या. पण शेवटच्या मिनिटात हेमांगीने सूर मारून त्यांची सगळ्यांत चपळ मुलगी बाद केली. त्या दिवशी सरांनी मैदानाकडे पाठ फिरवली नव्हती. मी त्यांच्याकडे पाहिलं. हरलेल्या प्रशिक्षकाचा तो चेहरा नव्हता. इतक्या चषकांच्या वेळी मी त्यांना इतकं खुश पाहिलं नव्हतं. माझ्याकडे वळून म्हणाले, "बघितलंत? ही मुलगी जूनमध्ये पायरीवरून उडी मारत नव्हती."

त्याच वेळी कुसुम आली. तिची नेमणूक जवळच होती, सुट्टी काढून सामना बघायला आली होती. साध्या कपड्यांत, केस कापलेले. ती सरांच्या पाया पडली, माझ्या पडली, हरलेल्या मुलींना पाणी दिलं. मग सरांना म्हणाली, "सर, यंदा तब्येत बरी नव्हती का?"

सर म्हणाले, बरी होती की. का?

"नाही, सविताला न्यायला आला नाहीत म्हणून."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तिने जे झालं ते सांगितलं. आई म्हणाली होती, मास्तर येतील. सविताची पिशवी भरून ठेवली होती. मे संपला, पाऊस लागला, तरी आई म्हणत होती, येतील, गाडी बिघडली असेल. कुसुमने फोन करते म्हटलं तर आईनेच नको म्हटलं. मास्तरांचा शब्द आहे, फोन करून आठवण कशाला द्यायची, बरं नाही दिसत. मग प्रवेश संपले. गुजरातच्या सीमेपलीकडच्या कारखान्याची गाडी रोज सकाळी पाड्याच्या नाक्यावर येते, बाया-पोरींना घेऊन जाते. भात लावून झाल्यावर सविता त्या गाडीत बसली.

सरांनी इकडे तिकडे बघितलं, तिथल्या प्रशिक्षकाच्या खुर्चीवरच्या बाटल्या एकेक करून खाली ठेवल्या आणि त्या खुर्चीवर बसले. हेमांगी कोपराला हळद लावून घेऊन त्यांना दाखवायला आली होती. ती तशीच उभी राहिली. सरांना ती दिसली नाही.

त्यानंतरच्या रविवारी ते मला म्हणाले, उधव्याला जायचं आहे, येता का. मी गेले. मोटरसायकल नव्हती, एस.टी.ने गेलो. तलासरीला गाडी बदलली. बसमध्ये सर म्हणाले, ते सविताला विसरले नव्हते. मे महिन्यात रोज आठवण यायची. एकदा तर मोटरसायकल फाटकाबाहेर काढून परत आत लावली. ती आली असती तर आपण जिंकलो असतो, आणि जिंकलो असतो तर पुन्हा कळलंच नसतं की कोण जिंकलं. म्हणून गेलो नाही. हे ते खिडकीबाहेर बघत सांगत होते. बाहेर भाताची कापणी चालली होती.

लक्षीबाई अंगणातच होती. आम्हाला बघून तिचा चेहरा उजळला. घाईघाईने बाज टाकली, आतून पाणी आणलं. सर या वेळी बाजेवर नाहीत, जमिनीवर नाहीत, उभेच राहिले. ती जमिनीवर बसून त्यांच्याकडे खालून वर बघत म्हणाली, "मास्तर, बरा झाला ना तू? मी म्हटलं, आजारी असेल. नाहीतर आला नसता असं होणार नाही. देवाला नारळ बोलले होते तुझ्यासाठी."

मला वाटलं, आता ते हो म्हणतील. हो म्हणणं किती सोपं होतं. कोणाचं काही बिघडलं नसतं. तिचा नारळ फळाला आला असता. मी मनातल्या मनात त्यांना म्हणत होते, हो म्हणा सर. सविता आतून दारात येऊन उभी राहिली होती. उंच झाली होती, कारखान्याचा निळा कोट अजून अंगात होता. रविवारीही पाळी असते त्यांची, नुकतीच आली होती.

सर म्हणाले, "आजारी नव्हतो, लक्षीबाई. मी मुद्दाम आलो नाही."

लक्षीबाईला ते कळलंच नाही. ती तशीच हसऱ्या चेहऱ्याने बघत राहिली. सरांनी पुन्हा सांगितलं. त्यांना लोक म्हणाले होते, की तुमच्या मुली उधव्याच्या, तलासरीच्या आहेत म्हणून जिंकतात, तुम्ही काही करत नाही. त्यांना बघायचं होतं, या मुली नसल्या तर आपल्याला काही येतं की नाही. म्हणून आले नाहीत. हे सगळं त्यांनी मान खाली घालून सांगितलं. सांगताना त्यांच्या बुटाचं टोक सारवलेली जमीन उकरत होतं आणि त्यांना ते समजत नव्हतं.

लक्षीबाईचं हसू हळूहळू गेलं. ती उठून घरात गेली.

बोलली ती सविता. "मग कळलं का, सर?"

"काय?"

"तुम्हाला येतं की नाही ते."

सरांनी वर पाहिलं. खोटं बोलायचं नाही असं ठरवूनच ते आले असावेत. म्हणाले, "कळलं. मला शिकवता येतं. पण ते कळायला तुझं वर्ष गेलं."

"माझं वर्ष नाही गेलं," सविता म्हणाली. "मी कामाला लागले. घरावर पत्रे घातले. तुमचं म्हणायचं असेल की तुम्ही आला असता तर मी खेळले असते. ते खरं आहे. पण वर्ष माझं आहे, मी ते घालवलं नाही."

तिचा आवाज चढला नव्हता. सर म्हणाले, पुढच्या जूनला चल. मी येतो न्यायला. ती म्हणाली, आता नको सर. आई एकटी आहे आणि मला तिथे यंत्रावर घेतलंय. मग पाहुण्याला वाईट वाटू नये म्हणून म्हणतात तसं म्हणाली, "बघू."

पाड्यापाड्यांवर जाऊन ज्यांनी इतक्या आयांना राजी केलं होतं, त्या सरांनी आग्रह केला नाही. लक्षीबाई आतून भाकरी घेऊन आली. रागावली होती, तरी भाकरी आणली. सरांच्या पुढ्यात ठेवली आणि त्यांच्याकडे न बघता परत आत गेली. त्यांनी ती खाल्ली. मी आजवर कोणाला इतक्या कष्टाने भाकरी खाताना पाहिलेलं नाही.

पुढल्या मे महिन्यात सर पुन्हा मोटरसायकल घेऊन निघाले. वाटेतला एकही पाडा सोडला नाही. एवढंच की आता ते ज्या घरी जात, तिथे आधी विचारून घेत, की आणखी कोणाला शब्द दिलाय का, कोणी वाट बघतंय का. तलासरीच्या मुली आल्या, चिखल्याच्याही राहिल्या. हेमांगी दुसऱ्या वर्षी संघात टिकली, पण पहिल्या नऊ जणींत नाही. संघ पुन्हा जिंकायला लागला. फाटकावर फलक लागले. सत्कार झाले, तेव्हा सर शाल घेत आणि खाली मान घालून जागेवर जाऊन बसत. पळणं आणि थांबणं यांचं वाक्य त्यानंतर मी ऐकलं नाही. एका बातमीदाराने यशाचं रहस्य विचारलं, तर म्हणाले, मला माहीत नाही, तुम्ही मुलींना विचारा. लोकांनी त्याला विनय म्हटलं. सरांच्या निरोपाच्या समारंभात तर प्राचार्यांनी त्यांच्या विनयावरच भाषण केलं. माझ्या शेजारी बसलेले सर हळूच म्हणाले, "मॅडम, ह्यांना कोणी सांगा हो." मी काय सांगणार होते, आणि कोणाला?

निवृत्त झाल्यावर ते फारसे दिसत नसत. चिखल्याला घरी असतात, नातवाला समुद्रावर नेतात, असं ऐकू यायचं.

गेल्या वर्षी माझ्या एका विद्यार्थिनीच्या लग्नाला मी उधव्याला गेले होते. परत येताना नाक्यावर बसची वाट बघत उभी होते. रस्त्यापलीकडे भात कापून झालेलं एक शेत होतं, त्यात मुली खो-खो खेळत होत्या. दोन बाजूंना दोन वासे रोवलेले, मध्ये राखेने रेघ ओढलेली. खेळवत होती ती सविता. पहिल्या नजरेत ओळखली नाही, अंगाने भरली होती. आठवड्याच्या सुट्टीचा दिवस असणार. ती मोठ्याने ओरडत नव्हती, एकेकीचं नाव घेऊन सांगत होती.

शेताच्या बांधावर तांडेल सर बसले होते. केस सगळे पांढरे. बाजूला पाण्याची कळशी. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या बाईला विचारलं तर म्हणाली, तो मास्तर होय, येतो सुट्टीच्या दिवशी, पाणी पाजतो पोरींना, बसून राहतो.

एक बारकी मुलगी खुंटाला वळसा घालताना सारखी पडत होती. पाय चुकीच्या जागी पडत होता, ते मला सुद्धा दिसत होतं. ती पडली तसे सर अर्धे उठले, तोंड उघडलं, मग सविताकडे पाहिलं आणि परत बसले. मुलगी पुन्हा धावली, पुन्हा पडली. सरांनी दोन्ही हात गुडघ्यांखाली दाबून धरले. हे सविताने पाहिलं. तिने खेळ थांबवला. दोघं एकमेकांकडे बघत होती आणि आधी सरांनीच नजर खाली घेतली.

"सांगा ना, सर," सविता म्हणाली.

ते हलले नाहीत. वाटलं, ऐकलंच नाही. मग गुडघ्यावर हात रोवून उठले, शेतातून खुंटापर्यंत चालत गेले. त्या मुलीला त्यांनी काय सांगितलं ते इतक्या लांबून ऐकू आलं नाही. चपलेच्या टाचेने त्यांनी मातीत एक खूण केली, खुंटापासून एक वीत अलीकडे, आणि बाजूला झाले. मुलगी लांब जाऊन उभी राहिली. सविताने टाळी वाजवली. ती सुटली.

तेवढ्यात बस मध्ये आली. मी घाईने चढून पलीकडच्या खिडकीशी गेले, पण गाडीने वळण घेतलं होतं. त्या मुलीचा पाय खुणेवर पडला की नाही, ते मला दिसलं नाही.